अपाची ऐकताना

घरात जे काही वाजत असेल ते आधी थांबू द्या. टीव्ही, कुकरची शिटी, कोणाची तरी ऑनलाइन मीटिंग. मांडी घालूनच बसायला हवं असं नाही, खुर्ची चालेल. हे मनन आहे, पण समोर मूर्ती नाही. समोर एक इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि तीही दिसायची नाही, नुसती ऐकू यायची.

'द शॅडोज' या इंग्लिश बँडची 'अपाची' ही धून लावा. १९६० सालची आहे. फोनवर नाव टाकलं की सापडते आणि तीन मिनिटांच्या आत संपते. पहिल्या खेपेला नुसती ऐका. आवडली का, जुनाट वाटली का, आधी कुठे कानावर पडली होती, असे प्रश्न येतील. येऊ द्या. उत्तरं द्यायची घाई करू नका.

दुसऱ्या खेपेला कान जरा खोल जाऊ द्या. सुरुवातीला लांबून आल्यासारखे ढोलाचे ठोके आहेत. ते क्लिफ रिचर्डने वाजवलेले. एरवी तो गायचा आणि ही मुलं त्याच्या मागे साथ करायची. त्या दिवशी गायकाच्या हातात ढोल आणि साथीदार पुढे, असा उलटा मामला होता. मग गिटार येते. धून सोपी आहे, दुसऱ्या वेळेला गुणगुणता येते. पण प्रत्येक सुराच्या मागे त्याचाच फिका पडसाद उमटतोय, तिकडे लक्ष द्या. एका इटालियन यंत्राची ती करामत. वाजलेला सूर चुंबकीय फितीवर नोंदवायचा आणि पुढच्या हेडवरून क्षणभर उशिराने पुन्हा सोडायचा. एवढीच युक्ती, पण तिने स्टुडिओतल्या चार पोरांच्या मागे माळरान उभं केलं. काही सूर शेवटी डुलतात, पाण्यात पडलेल्या उजेडासारखे नव्हे, तर मुद्दाम हलवल्यासारखे. गिटारीच्या ब्रिजला एक दांडा असतो. तो दाबला की तारा किंचित सैल होतात आणि सूर खाली जाऊन परत येतो. वाजवणारा हँक मार्विन प्रत्येक सुराच्या शेपटाशी असा खेळत बसला आहे.

तिसऱ्या खेपेला एकच गोष्ट मनात ठेवायची. वाजवणाऱ्याचं वय. हँक मार्विन अठरा वर्षांचा होता. मागे साधी लाकडी गिटार छेडणारा ब्रूस वेल्चही अठराचाच. ड्रम वाजवणारा टोनी मीहन सतरा वर्षांचा. बेसवरचा जेट हॅरिस त्यांच्यातला वडीलधारा, तो वीस. आपल्या इमारतीतला बारावीचा मुलगा डोळ्यांपुढे आणा, जो लिफ्टमध्ये मान वर करत नाही. ते वय.

इथे थोडं थांबू या.

कारण ज्या प्रश्नासाठी आपण बसलो आहोत, तो सहसा असा विचारला जातो: गिटारीवरच्या या जुन्या, बिनशब्दांच्या धुना नव्या पिढीत टिकतील का? विचारणाऱ्याचं वय साठ ते ऐंशीच्या मधलं असतं. पाठीमागे रेकॉर्डींचं कपाट असतं, आणि आवाजात अशी काळजी असते की जणू हे संगीत आजोबांनी रचलं होतं आणि नातवंडांनी ते सांभाळायला हवं. ते रचलं होतं पोरांनीच. वडीलधाऱ्यांचा तर त्या धुनेवर फारसा भरवसाही नव्हता. निर्माते नॉरी पॅरामोर यांना रेकॉर्डची दुसरी बाजू, 'क्वार्टरमास्टर्स स्टोअर्स', पुढे करायची होती. त्यांनी दोन्ही बाजू आपल्या मुलीला ऐकवल्या आणि तिने 'अपाची'कडे बोट दाखवलं, असं शॅडोजच्या गोष्टीत नेहमी सांगतात. मुलीचं ऐकलं म्हणून ती धून ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

आता आणखी एक अवघड गोष्ट मनात धरा. नव्या पिढीने हे संगीत टाकून दिलं ते आज नाही, १९६३ मध्ये. बीटल्स आले, आणि गाणं म्हणजे गळा, शब्द, तिघाचौघांनी मिळून घातलेली साद, असं एकदम ठरून गेलं. गंमत अशी की त्या बीटल्सनीही १९६१ मध्ये हॅम्बुर्गला 'क्राय फॉर अ शॅडो' नावाची बिनशब्दांची धून ध्वनिमुद्रित केली होती, हॅरिसन आणि लेनन यांची. शॅडोजची नक्कल, थोडी थट्टा, थोडं कौतुक. दोन वर्षांनी त्यांनीच शॅडोजना मागे टाकलं. म्हणजे या संगीताचा भरभराटीचा काळ मोजून तीन-चार वर्षांचा. त्यानंतरची साठ वर्षं ते तरुणांच्या मुख्य रस्त्यावर नव्हतंच. तरी आज तुम्ही ते फोनवर लावलंत. मधल्या काळात ते कुठे होतं?

या प्रश्नाजवळ बसायचं आहे. उत्तर शोधायला कपाटाकडे जाऊ नका, त्या धुनेच्या मागोमाग चाला.

जेरी लॉर्डन नावाच्या गीतकाराने बर्ट लँकेस्टरचा 'अपाची' हा १९५४ चा चित्रपट पाहिला आणि ही धून रचली. बर्ट वीडन या नावाजलेल्या गिटारवादकाने ती आधी वाजवलीही, पण लॉर्डनचं समाधान झालं नाही. दौऱ्यावर असताना त्याने ती शॅडोजना युकुलेलीवर ऐकवली. चार तारांच्या त्या खेळण्याएवढ्या वाद्यावरून ती लंडनच्या अॅबी रोडवरच्या स्टुडिओत गेली. वर्षभरात डेन्मार्कच्या यॉर्गन इंगमनने वाजवलेली तीच धून अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकनांपैकी पुष्कळांना शॅडोज हे नावही ठाऊक नव्हतं.

मग १९७३. अमेरिकेच्या मायकेल व्हायनर याने 'इन्क्रेडिबल बाँगो बँड' नावाखाली स्टुडिओतले वादक जमवले आणि 'अपाची' पुन्हा वाजवली. यात बाँगो आणि ड्रम पुढे, बाकीचं मागे. मध्ये एक लांबलचक तुकडा नुसत्या तालाचा. ती रेकॉर्ड फार चालली नाही. पण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाचा जमैकाहून आलेला तरुण वस्तीतल्या पार्ट्यांना रेकॉर्डी लावायचा. त्याच्या लक्षात आलं की नाचणारी पोरं त्या तालाच्या तुकड्याची वाट बघतात. त्याने दोन प्लेयरवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवल्या आणि तो तुकडा संपला की पुन्हा, संपला की पुन्हा असा लांबवत नेला. त्यातून जे उभं राहिलं त्याला पुढे हिप-हॉप म्हणू लागले, आणि त्या मंडळींनी 'अपाची'ला हिप-हॉपचं राष्ट्रगीत असं नाव दिलं.

इथे खरंखुरं मनन करायला हवं, स्वतःची समजूत न घालता. कूल हर्कने लांबवलेल्या त्या तुकड्यात लॉर्डनच्या धुनेतलं काय उरलं होतं? गिटार नाही. पडसाद नाही. सूरच नाहीत. नाव उरलं, आणि एक मोकळी जागा उरली. ज्याला धुनेवर प्रेम आहे त्याने याला टिकणं म्हणावं का? शॅडोजचा एखादा चाहता तिथे असता तर त्याने कान झाकले असते. मीही बहुधा झाकले असते. पण १९८१ मध्ये शुगरहिल गँगने त्याच बाँगो बँडच्या 'अपाची'वर आपलं गाणं बांधलं आणि मूळ धून पुन्हा वर आली. ब्रॉन्क्सच्या अंगणातून फिरून, बोलता बोलता नाचणाऱ्या पोरांच्या तोंडून. ज्याने तिला सोलून नुसता ताल ठेवला, त्याच्यामुळेच तिला परतीची वाट मिळाली.

आता दुसरी एक धून घ्या, म्हणजे हा एकट्या 'अपाची'चा योगायोग वाटणार नाही. 'मिसरलू' ही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखातली. १९२० च्या दशकात ती ग्रीक गायकांच्या रेकॉर्डींवर आली. ग्रीक, अरब, ज्यू, आर्मेनियन, सगळे तिला आपली म्हणतात. डिक डेल हा लेबनीज वडिलांचा मुलगा. त्याने काकांना ही धून ऊदवर वाजवताना ऐकलं होतं. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्या पोरांच्या नाचासाठी त्याने १९६२ मध्ये ती इलेक्ट्रिक गिटारीवर अशी सुसाट वाजवली की मूळची संथ चाल ओळखू येईना. डावखुरा होता, तारांचा क्रम न बदलता गिटार उलटी धरायचा, आणि इतक्या मोठ्याने वाजवायचा की अॅम्प्लिफायर जळायचे. लिओ फेंडरला त्याच्यासाठी नवे दणकट अॅम्प्लिफायर बनवावे लागले. पुढे ते सगळं विसरलं गेलं. १९९४ मध्ये 'पल्प फिक्शन'च्या श्रेयनामावलीवर टॅरँटिनोने ती धून टाकली आणि डिक डेलच्या आयुष्यात दुसरी तरुण पिढी आली. दहा-बारा वर्षांनी ब्लॅक आयड पीजने तिच्यावर गाणं केलं, तेव्हा तिसरी.

याच्यावर थोडा वेळ घालवा. आज ज्याला आपण जुनी, अस्सल, सांभाळून ठेवायची धून म्हणतो ती १९६२ मध्येच चोरीची होती. काकांच्या ऊदवाल्या पिढीने डेलच्या गिटारीला काय म्हटलं असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि तिसरी वाट, मला सगळ्यात आवडणारी. साठच्या दशकात शॅडोजच्या रेकॉर्डी थायलंडला पोचल्या. तिथल्या पोरांनी तसेच बँड काढले आणि तिथल्या लोकधुना तशाच गिटारींवर वाजवू लागले. त्या संगीताला तिथे नावच शॅडो संगीत असं पडलं. त्याच सुमाराला फिनलंडची पोरं रशियन चाली, पेरूच्या अॅमेझॉनकाठची पोरं कुंबिया, आणि जपानची पोरं आपली गाणी असंच काही करत होती. प्रत्येक ठिकाणी तीच गिटार, तोच पडसाद, पण चाल घरची. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी अमेरिकेत ह्यूस्टनच्या तिघांनी ते जुनं थाई संगीत शोधून ऐकलं, त्यावर वेडे झाले आणि 'क्रुआंगबिन' हा बँड काढला. बहुतेक बिनशब्दांचा, संथ, पडसादाने भरलेला. त्यांच्या मैफलींना विशी-तिशीतली मुलं हजारोंनी जातात. २०१५ मध्ये पहिला अल्बम काढलेल्या या बँडला २०२५ च्या ग्रॅमीसाठी उत्कृष्ट नवोदित म्हणून नामांकन होतं, पुरस्कारवाल्यांचा वेग तेवढाच असतो. त्या मैफलीत डोलणाऱ्या मुलीला हँक मार्विन कोण हे माहीत असण्याची काही गरज नाही. तिला जे आवडतंय त्यात तो आहे. लंडनहून बँकॉक, बँकॉकहून ह्यूस्टन अशा दोन उसनवाऱ्यांनंतरचा.

मग कपाटवाल्यांचं काय? त्यांना वेडं ठरवून पुढे जाणं सोपं आहे, आणि ते चुकीचं होईल. ब्रिटन आणि हॉलंडमध्ये अजून क्लब आहेत जिथे पिकल्या केसांचे लोक जमतात आणि शॅडोजच्या धुना अगदी हुबेहूब वाजवतात. तिसरी तार गुंडाळलेलीच हवी की साधी चालेल, अमुक धुनेत पडसाद किती मिलिसेकंदांचा होता, अॅम्प्लिफायर व्हॉक्सचा कुठला, यावर त्यांच्यात तावातावाने वाद होतात. बाहेरच्याला हसू येतं. पण विरजण कोणाच्या तरी घरी लावलेलं असावं लागतं. मागायला येणारी शेजारीण त्याचं आपल्या दुधात काय करेल, तिचं दही आंबट होईल की गोड, हे विरजणवालीच्या हातात नसतं, आणि तिने तसा आग्रहही धरू नये. मात्र तिने भांडं घासून ठेवलं तर सगळ्या आळीचं दही बंद. ह्यूस्टनच्या तिघांना ती थाई गाणी सापडली, कारण कोणीतरी कॅसेटी आणि रेकॉर्डी जमवून, जपून, इंटरनेटवर चढवून ठेवल्या होत्या. हुबेहूब जपणारा आणि बिनधास्त मोडतोड करणारा, हे दोघे एकमेकांना सहन करत नाहीत. पण एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही.

याचं मुंबईतलं उदाहरण तर थेट आहे. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक, गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवणारे. चित्रपटगीतांच्या वाद्यधुनांच्या रेकॉर्डीही त्यांनी केल्या. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडच्या नव्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड निघाली आणि कोणाच्या खिजगणतीत न येता गेली. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि युरोपातली इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचणारी पोरं चक्रावली: हे तर आपलं अॅसिड हाउस, आणि आपल्या आधीचं! सत्तरीतले सिंग युरोपच्या मंचांवर पोचले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. त्यांची धून वाचली ती एका दुकानाने ती रद्दीत न घातल्यामुळे.

आता डोळे मिटून एक वेगळा आवाज आठवून पहा. विविध भारतीवर कार्यक्रम वेळेच्या जरा आधी संपायचा, आणि पुढचा सुरू होईपर्यंतची रिकामी जागा भरायला एखादी वाद्यधून लागायची. ओळखीचं गाणं, पण गाणाराच नाही. गिटार गातेय, आणि शब्द आपल्या डोक्यात आपोआप चालू होतायत. मग अर्ध्यावर, बेदरकारपणे, निवेदक ती धून पुसत नेई. आमच्या पिढीच्या कानांचा अर्धा अभ्यास या रिकाम्या जागांनी करून घेतला आणि कोणी त्याची फर्माईश केली नव्हती. आज रिकामी जागा उरली की तिथे जाहिरात बसते. हे नुकसान मला नव्या पिढीच्या आवडीनिवडीपेक्षा मोठं वाटतं. मागणी करून ऐकायचं संगीत आपलं आपण शोधता येतं. न मागता कानावर पडणारं संगीत शोधता येत नाही.

त्या धुनांतला एक मोठा वादक व्हॅन शिपली. जन्म १९२७, लखनौचा. तेरा वर्षांनी त्याच लखनौत हॅरी वेब जन्मला, जो इंग्लंडला जाऊन क्लिफ रिचर्ड झाला आणि ज्याने हँक मार्विनसाठी अमेरिकेहून फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला ते आठवून बरं वाटतं. शिपलींची गिटार आठ तारांची, इलेक्ट्रिक, आडवी ठेवून वाजवायची हवाइयन पद्धतीची. पुण्याचे अॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबरही त्यांच्या रेकॉर्डी आहेत. बंगालमध्ये काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली अशी नावं होती आणि तिथल्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींना ही गिटार शिकवण्याची पद्धतच होती.

ही गिटार शॅडोजच्या गिटारीहून वेगळी आहे, आणि इथे आपल्या मननालाही वळण घ्यावं लागतं. हँक मार्विनच्या गिटारीवर सुरांची घरं पट्ट्यांनी आखलेली असतात. बोट बरोबर घरात पडलं की सूर बरोबर लागतो. हवाइयन गिटारीत डाव्या हातात पोलादाचा दांडा असतो, तो तारांवरून सरकवायचा. खाली खुणा असतात, पण दांडा केसभर इकडेतिकडे झाला की सूर बेसूर. एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. म्हणून तर ती आपल्याकडे रुजली, कारण लताबाईंचा गळा दोन सुरांच्या मध्ये काय करतो हे पट्ट्यांच्या गिटारीला सांगताच येत नाही. ती मधली वाट किती सावकाश जायची, कुठे थबकायचं, हे कुठल्याही नोटेशनमध्ये उतरत नाही आणि रेकॉर्ड ऐकूनही पुरतं हाती लागत नाही. ते समोर बसून, हातावर हात ठेवून शिकवतात तेव्हाच येतं.

म्हणजे इथे चोरी पुरत नाही. धून चोरता येते, आवाज यंत्राने उतरवता येतो, हात मात्र कोणीतरी द्यावा लागतो. शास्त्रीय संगीताने हे वेळेत ओळखलं. ब्रिजभूषण काबरांनी याच गिटारीवर राग वाजवला, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ती आहे. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये राय कूडरबरोबरच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. त्यांच्यामागे शिष्य आहेत, तालीम आहे. चित्रपटगीतं वाजवणाऱ्या गिटारीला असं घराणं मिळालं नाही. ती करमणूक समजली गेली, आणि करमणुकीची तालीम कोण ठेवतं? मला खरी भीती आहे ती या शाखेची. शॅडोजची मला वाटत नाही.

भीती थोडा वेळ मनात राहू द्या. लगेच पुसू नका. मग गणपतीत लालबाग-परळच्या रस्त्यावर काय चालतं ते आठवा. मिरवणुकीपुढे बेंजो पार्टी. नाव बेंजो, पण वाद्य मूळचं जपानी. १९१२ मध्ये नागोयात तयार झालेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य, जे इथे बुलबुलतरंग झालं आणि पिकअप लावून भोंग्यावर चढलं. त्यावर कोळीगीतं, सिनेमातली गाणी, या वर्षी रीलवर जे चाललंय ते, सगळं वाजतं. गाणारा कोणी नाही. विजेवर चालणाऱ्या तारा, बिनशब्दांची धून, समोर घामेघूम नाचणारी अठरा-वीसची पोरं. जे टिकेल का म्हणून आपण डोळे मिटून बसलो आहोत, ते तिथे टिकलेलं आहे आणि कोणी त्याला वारसा म्हणत नाही. हळद असते, मिरवणूक असते, त्यासाठी कोणीतरी वाजवायला लागतं, पैसे मिळतात, म्हणून धाकटा भाऊ थोरल्याकडून शिकतो. शॅडोजच्या काळी इंग्लंडमधल्या डान्स हॉलनी हेच काम केलं होतं. ज्या संगीताला काम असतं त्याच्यासाठी कोणी बैठका भरवून चिंता करत नाही.

आता शिपलींच्या रेकॉर्डींकडे पुन्हा बघा, पण कपाटातून नव्हे, त्या काळात उभे राहून. त्यांनी वाजवलं काय? त्या वर्षी थिएटरात चाललेल्या सिनेमाचं गाणं. जुनं जपायला ते बसलेच नव्हते. लोकांच्या ओठांवर जे नवं होतं, ते त्यांनी गिटारीला गायला लावलं. जुनी झाली ती गाणी नंतर, आपल्या हातात.

तेव्हा ओळखीत, नात्यात, गल्लीत कोणी हवाइयन गिटार वाजवणारे काका किंवा मावशी असतील, आणि असतात, माळ्यावरच्या पेटीत गिटार असलेली माणसं निघतात, तर त्यांच्यासमोर एखाद्या पोराला बसवून बघा. पोरगं पहिल्याच दिवशी अरिजित सिंगचं गाणं मागेल. काका म्हणतील, आधी 'अजीब दास्तां है ये' घे. त्या वेळी काकांना हळूच बाजूला घ्यायचं.